वणवा उपग्रहाला दिसतो, पण गावानं फोन कुणाला करायचा?

दुपारी चार वाजता किनवटच्या रानात वणवा पेटला, तर तो उपग्रहाला कधी दिसेल?

रात्री दोनच्या सुमारास.

कसं ते सांगतो. देहरादूनला भारतीय वन सर्वेक्षण नावाची केंद्र सरकारची संस्था आहे. देशातल्या जंगलात कुठं आग दिसली की तिथून वन विभागाच्या माणसांना एसएमएस जातो. 2004 पासून हे काम चालू आहे. सुरुवातीला 'मोडिस' नावाच्या उपकरणाची मदत घ्यायचे, 2017 पासून जास्त बारीक बघणारं 'व्हीअर्स' आलं. ज्या उपग्रहांवर हे व्हीअर्स आहे ते जमिनीपासून सव्वाआठशे किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आपल्या डोक्यावरून ढोबळमानानं दुपारी दीड-दोनला आणि रात्री दीड-दोनला जातात. मधल्या वेळात पेटलं, तर पुढच्या फेरीपर्यंत त्यांना पत्ता नाही. एका जागी थांबून चोवीस तास बघणारे उपग्रहही आहेत, पण ते फार लांब, त्यांची नजर एवढी बारीक नाही.

आता आपल्याकडं वणवा लागतो कधी? ऊन तापल्यावर, वारं सुटल्यावर. म्हणजे नेमका दुपारी तीन ते रात्री आठ. उपग्रह त्या वेळी आपल्या डोक्यावर नसतो.

आणि त्या वेळी रानात कोण असतं? गुराखी असतो. मोहफुलं वेचणाऱ्या बाया असतात. तेंदूपत्त्यावर गेलेली माणसं असतात. आखाड्यावर बसलेला सालगडी असतो. यांच्यातल्या निम्म्याअधिक लोकांच्या खिशात मोबाइल असतो. त्यांना धूर पहिल्या दहा मिनिटांत दिसतो. त्यांच्यातला एखादा व्हिडिओही काढतो. तो व्हिडिओ जातो कुठं? स्टेटसला.

या पोस्टमध्ये मला एवढ्याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. वरून खाली मेसेज यायची सोय झाली आहे. खालून वर जायची वाट अजून धड झालेली नाही.

पोस्ट मोठी आहे मित्रांनो, पण हंगाम तोंडावर आहे. वन विभागाच्या हिशोबात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. म्हणून आत्ताच लिहितोय, मे महिन्यात लिहून उपयोग नाही.

आधी उपग्रहाबद्दल अजून थोडं, कारण 'सगळं वरून दिसतं' असा आपल्याकडं भलताच समज आहे. व्हीअर्सचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 375 मीटर बाय 375 मीटरचा चौकोन. एकरात काढलं तर जवळपास पस्तीस एकर. एसएमएसमध्ये जो आकडा येतो तो त्या चौकोनाच्या मध्याचा. आग कोपऱ्यात असू शकते, ओढ्याच्या पलीकडं असू शकते. वनरक्षक बिचारा मोटारसायकल घेऊन त्या ठिपक्यावर पोचतो आणि धूर शोधत फिरतो. लहान आग, दाट झाडीखालून सरकणारी आग, ढगाखालची आग दिसेलच असं नाही. तरीही ही व्यवस्था नसण्यापेक्षा हजारपट बरी, हे मी मुद्दाम लिहितो. वन सर्वेक्षणाच्या पोर्टलवर कुणीही सामान्य माणूस आपला नंबर टाकून आपल्या भागापुरते इशारे मागवू शकतो. अमेरिकेच्या नासाचं 'फर्म्स' नावाचं संकेतस्थळही फुकट आहे. तिथं शेतातली आगसुद्धा नकाशावर दिसते, फक्त तीन तासांपर्यंतच्या उशिरानं. ओळखीच्या सरपंचांना, पोरांना मी ही सोय सांगतो तेव्हा बहुतेक जण पहिल्यांदाच ऐकत असतात.

वन सर्वेक्षणाच्या इशाऱ्यात आणखी एक मेख आहे. तो इशारा जंगलाच्या हद्दीतल्या आगीसाठी आहे. मग लातूरचं काय? लातूर जिल्ह्यात जंगल नावापुरतं. तिथं आग लागते ती उसाच्या फडाला, कडब्याच्या गंजीला, ऑक्टोबरात सोयाबीनच्या गंजीला, गोठ्याला. वाऱ्यानं तारा एकमेकींना घासल्या, ठिणगी पडली आणि मांजरापट्ट्यातला दोन-तीन शेतकऱ्यांचा ऊस तासाभरात काळा झाला, ही बातमी दर उन्हाळ्यात आमच्याकडं येते. सोयाबीनची गंजी जळाली तर त्या घराचं वर्ष जळालं. पण ही आग वन विभागाची नाही. ग्रामपंचायतीकडं बंब नाही. नगरपरिषदेचा बंब तालुक्याला, तो येईपर्यंत राख. ही आग कुणाच्याच यादीत नाही. नांदेड जिल्ह्यात निदान किनवट-माहूरच्या सागाच्या जंगलामुळं आणि पैनगंगा अभयारण्यामुळं 'वणवा' हा शब्द सरकारी कागदावर येतो तरी. निलंगा-औशाच्या शेतकऱ्याला तेवढंही नाही.

बरं, फोन करायचा ठरवलं तर नंबर कमी आहेत का? मुळीच नाही. 112 आहे. अग्निशमनचा 101 आहे. वन विभागाचा 'हॅलो फॉरेस्ट' 1926 आहे. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 आहे. शिवाय तहसीलदार, आरएफओ, वनपाल, पोलीस पाटील, तलाठी. नंबर इतके आहेत की डोळ्यासमोर रान जळत असताना कुठला लावायचा तेच सुचत नाही. किनवट-माहूरच्या किती गावांत भिंतीवर 1926 रंगवलेला आहे? बघून सांगा.

112 चंच घ्या. चांगली सेवा आहे, पोलिसांच्या बाबतीत अनुभव बरा आहे. पण राज्याचे कॉल घेणारी मोठी केंद्रं नवी मुंबईत आणि नागपुरात. तिथं बसलेल्या मुलीला 'तांड्याच्या वरच्या अंगाला, महादेवाच्या माळाकडं' असं सांगून काय कळणार? आपल्याकडं एकाच नावाची पाच गावं. वरून सांगणारा माणूस गोरमाटी किंवा गोंडी बोलणारा, घाबरलेला, मराठी अडखळत. आणि सीमेवरच्या गावांची तर आणखी एक गंमत. मोबाइल पलीकडच्या तेलंगणातला टॉवर पकडतो, बाई तेलुगूत बोलायला लागते. आदिलाबादकडचा टॉवर पकडून लावलेला आणीबाणीचा कॉल कुठल्या राज्यात जाऊन पडणार, हे रानातल्या माणसानं कसं ओळखायचं?

म्हणून लोक काय करतात? ओळखीच्या माणसाला लावतात. बऱ्याचदा पत्रकाराला. गेल्या काही उन्हाळ्यांत मला असे फोन आले आहेत. एकदा तर संध्याकाळी सहा वाजता एका तांड्यावरच्या पोरानं फोन केला, "भाऊ, डोंगर लागलाय, कुणी उचलंना." मी एका कार्यालयाचा लँडलाइन लावला, वाजत राहिला. मग ओळखीच्या एका कर्मचाऱ्याच्या खासगी मोबाइलवर लावला, तो दुसऱ्याच वणव्यावर होता. शेवटी गावातल्या पंधरा-वीस जणांनी पळसाच्या डहाळ्यांनी आणि ओल्या पोत्यांनी रात्री अकराला आग धुऱ्यावर अडवली. त्यांच्या पायाचे फोड मी बघितलेत. बातमी चार ओळींची छापून आली. ओळखीवर चालणारी व्यवस्था ही व्यवस्थाच नव्हे. ज्याची ओळख नाही त्याचा डोंगर जळू द्यायचा का?

'मग एक ॲप काढू' असं कुणीतरी म्हणणारच. कृपा करा, नका काढू. आपल्याकडं साहेब आले की ॲप येतं आणि साहेबांची बदली झाली की ॲपचीही बदली होते. फोनात जागा नाही, ओटीपी येत नाही, नोंदणीला ईमेल मागतात. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं 'दामिनी' ॲप बघा. वीज कुठं पडतेय आणि तुमच्या वीस-चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात धोका आहे का, हे ते सांगतं. खरोखर उपयोगाचं आहे. मराठवाड्यात अवकाळीत वीज पडून माणसं आणि जनावरं मरतात, त्यामुळं दरवर्षी कलेक्टर ऑफिसातून प्रेसनोट येते, 'दामिनी डाउनलोड करा.' ती प्रेसनोट आम्हा पत्रकारांना येते. झाडाखाली उभ्या असलेल्या मेंढपाळाला येत नाही, आणि त्याच्या हातात बटणाचा फोन असतो.

पण शेतकऱ्याला फोन वापरता येत नाही असं जर कुणाला वाटत असेल तर त्यानं ई-पीक पाहणी आठवावी. 2021 पासून राज्यातले शेतकरी स्वतःच्या बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढतात, त्यावर अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात आणि तो फोटो सातबाऱ्याच्या पीकपेऱ्याला पुरावा ठरतो. सर्व्हर बंद पडतो, शिव्या घालतात, पण करतात. पोरगं नसेल तर शेजाऱ्याच्या पोराला शंभर रुपये देऊन करून घेतात. पीकविम्याच्या वेळी 'नुकसानीनंतर 72 तासांच्या आत मोबाइलवरून कळवा' हेही आपण वर्षानुवर्षं शिकलो. म्हणजे सरकारला शेतकऱ्याच्या फोनमधला फोटो पिकासाठी चालतो, नुकसानीसाठी चालतो. मग आगीसाठी का चालू नये? जळून गेल्यावर 72 तासांत कळवायची सोय केली गेली होती आणि जळत असताना पाच मिनिटांत कळवायची सोय नाही, हे उलटं झालं.

माझं म्हणणं साधं आहे. जिल्ह्याला एकच व्हॉट्सॲप नंबर. लोकांच्या फोनात जे आधीच आहे तेच वापरायचं. त्यावर फोटो आणि लोकेशन पाठवलं की बसलेला माणूस बघेल, आग वनहद्दीत आहे की शेतात, ते ठरवणं त्याचं काम, पाठवणाऱ्याचं नाही. बीट वनरक्षक, जवळचा बंब, महावितरणचा लाइनमन, शेजारच्या गावचा पोलीस पाटील, ज्याला कळवायचं त्याला तो कळवेल. आणि पाठवणाऱ्याला दहा मिनिटांत उलटा मेसेज, 'मिळालं, अमुक माणूस निघाला.' हा उलटा मेसेज मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. तो एकदा आला की माणूस पुढच्या वेळी पुन्हा कळवतो. नाही आला की पुन्हा स्टेटस.

फोन कुणी लावतच नाही, याचं खरं कारण वेगळंच आहे. ते कुणी उघड बोलत नाही.

भीती वाटते. 'तू तिथं काय करत होतास?' हा पहिला प्रश्न येतो.

भारतीय वन अधिनियम 1927 चं कलम 26 राखीव जंगलात आग लावणं, किंवा पसरेल अशी आग ठेवून जाणं, हा गुन्हा ठरवतं. ते बरोबरच आहे. पण त्याच कलमात अशीही तरतूद आहे, की जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणानं आग लागली तर त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार काही काळ बंद करू शकतं. म्हणजे एकानं विडी टाकली तर अख्ख्या गावाची गुरं बाहेर. दुसरीकडं कलम 79 सांगतं, की ज्याला जंगलात हक्क आहे, जो तिथून वनोपज नेतो, त्यानं वनगुन्ह्याची माहिती विनाविलंब वन अधिकाऱ्याला किंवा पोलिसाला दिली पाहिजे आणि आग विझवायला मदत केली पाहिजे. एकाच कायद्यात दोन्ही. तांड्यावरच्या माणसानं कलमं वाचलेली नसतात, पण त्यांचा वास त्याला बरोबर येतो. तो फोन करत नाही. घरी जाऊन गप्प झोपतो आणि सकाळी म्हणतो, 'आम्हाला माहीतच न्हाई.'

मी आग लावणाऱ्यांची बाजू घेत नाही. मोहाच्या झाडाखालचा पाचोळा जाळला की फुलं वेचायला सोपं जातं, तेंदूला नवी कोवळी पानं येतात म्हणून झुडपं पेटवतात, मध काढायला टेंभा लावतात, धुरा पेटवून वाऱ्यावर सोडून देतात. हे सगळं होतं आणि आपल्या भागातले बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात. मोहाखाली जाळी अंथरली तर पाचोळा जाळावा लागत नाही. अशी जाळी वाटायला काही कोटी लागत नाहीत. पण ज्यानं पेटवलं तो वेगळा आणि ज्यानं पाहिलं तो वेगळा. पाहणाऱ्याचं नाव न विचारता माहिती घेतली, त्याला पंच म्हणून सहीला बोलावलं नाही, तरच तो पुढच्या वेळी पाठवेल. वनहक्क कायद्यानं, म्हणजे 2006 च्या, ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकारच दिला आहे. जिथं सामूहिक वनहक्क मिळालेत तिथं आगीची खबर ग्रामसभेच्या नावानं जाऊ द्या ना. एकट्या माणसाच्या डोक्यावर का?

आता दुसरी बाजू. गावाला इशारा कसा मिळणार?

2023 मध्ये आपल्या सगळ्यांचे फोन अचानक भयानक आवाज करून थरथरले होते, आठवतंय? एसटीत बसलेल्या एका आजीनं फोन खिडकीबाहेर टाकायला काढला होता म्हणे. ती दूरसंचार विभागाची चाचणी होती. त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. एखाद्या भागातल्या टॉवरखाली जेवढे फोन आहेत तेवढ्या सगळ्यांवर एकदम संदेश पडतो. नंबर माहीत असायची गरज नाही, नोंदणी नको, ॲप नको, नेट पॅक संपलेलं असलं तरी चालतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' ॲप त्याच व्यवस्थेचा दुसरा भाग. कोतवालाची दवंडीच ही, फक्त टॉवरवरून दिलेली. पावसाच्या आणि विजेच्या इशाऱ्यांचे मेसेज आता येऊ लागलेत. मग माहूरच्या डोंगराला आग लागली असताना गडाच्या घाटात असलेल्या भाविकांच्या फोनवर 'पुढं जाऊ नका, इथंच थांबा' असा मेसेज का येऊ नये? रेणुकामातेच्या दर्शनाला उन्हाळ्यातही गाड्या येतात, दत्तशिखर-अनसूयेकडं रस्ते जंगलातून जातात. बाहेरगावच्या माणसाला ना रस्ता माहीत, ना वारं कुठून येतंय ते.

नोंदणी केलेल्यालाच इशारा, ही पद्धत किती महागात पडते ते अमेरिकेत दिसलं आहे. 2018 च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावाला वणव्यानं घेरलं, 85 माणसं गेली. तिथं फोनवर इशारा द्यायची व्यवस्था होती, पण ती ज्यांनी आधी नाव नोंदवलं त्यांच्यासाठी. असंख्य लोकांनी नोंदवलंच नव्हतं. 2023 च्या ऑगस्टमध्ये हवाई बेटांवरच्या लहाइना शहरात शंभराच्या आसपास माणसं जळून मेली. तिथं वीज गेली, मोबाइल सेवा कोलमडली, आणि भोंगे होते ते वाजवलेच गेले नाहीत. एवढ्या श्रीमंत देशात ही गत. आपल्याकडं तर वारं सुटलं की आधी लाइट जाते, मागोमाग टॉवरची बॅटरी उतरते.

म्हणून सगळं मोबाइलवर टाकून मोकळं व्हायचं नाही. मेसेज सरपंचाच्या फोनवर आला की पुढं देवळाचा भोंगा आहे, मशिदीचा आहे, तांड्यावर नायकाची हाक आहे. इशारा मराठीतल्या छापील, सरकारी वाक्यात असू नये. 'तीव्र अग्निप्रवणता' म्हणजे काय, हे मलाच दोनदा वाचावं लागतं. आवाजाचा मेसेज पाठवा, गोरमाटीत, गोंडीत, कोलामीत, तेलुगूत. किनवटला आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय आहे, आश्रमशाळांचे शिक्षक आहेत, या भाषा बोलणारी माणसं पगारावर आहेत. अर्ध्या तासात रेकॉर्ड होईल. परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून हवामानाचा सल्ला शेतकऱ्यांच्या फोनवर येतोच. एप्रिल-मेमध्ये त्यात एक ओळ वाढवा, 'उद्या वारं जोरात आहे, धुरे-पाचट पेटवू नका.' निम्म्या आगी तिथंच थांबतील असा दावा मी करत नाही, पण काही तरी नक्की थांबतील.

लातूरकडच्या मंडळींसाठी एक कल्पना, हसू नका. उन्हाळ्यात आपल्याकडं पाण्याचे टँकर फिरतात. सरकारी टँकरवर जीपीएस लावलेलं असतं, खेपा चोरू नयेत म्हणून. म्हणजे कुठला टँकर या घटकेला कुठं आहे हे कुठल्या तरी कॉम्प्युटरवर दिसतं. ऊस पेटला तर चाळीस किलोमीटरवरच्या बंबाची वाट बघण्यापेक्षा चार किलोमीटरवरचा भरलेला टँकर वळवता येणार नाही का? पिण्याच्या पाण्याचा प्रश्न येईल, मान्य. पण तो निर्णय घ्यायला माणूस नेमा तर खरं. शिवाय गावागावांत फवारणीचे ट्रॅक्टरवरचे ब्लोअर आहेत, कारखान्यांचे टँकर आहेत. त्यांच्या मालकांचे नंबर एका यादीत असले तरी पुष्कळ.

1993 च्या 30 सप्टेंबरला पहाटे किल्लारीला जे झालं, त्यात जवळपास आठ हजार माणसं गेली. उजाडेपर्यंत जगाला नीट पत्ता नव्हता की नेमकी कुठली गावं पडलीत. तेव्हा गावात एखादा फोन असायचा. भूकंपाची आगाऊ खबर कुणी देऊ शकत नव्हतं, पण आग तर डोळ्यासमोर वाढते. आणि आज घरटी फोन आहे.

आता जरा कामाचं. नंबर मिळेल तेव्हा मिळेल, तोवर रानात जाणाऱ्यांनी एवढं करा.

जीपीएसला रेंज लागत नाही. गुगल मॅपवर आपल्या जागेवर बोट दाबून धरलं की आकडे दिसतात. ते आकडे साध्या एसएमएसनं पाठवा, नेट नसलं तरी एसएमएस बऱ्याचदा निघतो. नकाशा घरी वायफायवर किंवा चांगल्या रेंजमध्ये आधीच उतरवून ठेवा. बटणाचा फोन असेल तर गट नंबर सांगा, जवळच्या डीपीचं नाव सांगा, वारं कुठून कुठं चाललंय ते सांगा. गट नंबर सांगितला की तलाठ्याला आणि लाइनमनला जागा डोळ्यापुढं येते, तेवढी अक्षांश-रेखांशानंही येत नाही. तारांखाली आग असेल तर आधी महावितरणला कळवा, लाइन बंद झाल्याशिवाय पाणी मारू नका.

व्हिडिओ पाठवताना गावाचं नाव आणि वेळ बोलून टाका. गेल्या साली एक वणव्याचा क्लिप आपल्या ग्रुपांवर 'माहूर जळतंय' म्हणून फिरत होता. मी चौकशी केली तेव्हा तो दुसऱ्याच राज्यातला, कधीचा जुना निघाला. अशा चार खोट्या क्लिप आल्या की पाचवी खरी असली तरी बंब निघत नाही.

आणि जीव वाचवायचं. वणवा चढावर धावतो, उतारावर मंदावतो. म्हणून डोंगरावर वर पळू नका, बाजूला आणि खाली या. जे रान आधीच जळून काळं झालंय, ते सगळ्यात सुरक्षित. नांगरलेलं रान, कोरडा नाला, डांबरी रस्ता, तळ्याचं पात्र, याही जागा चालतात. पॉलिस्टरची साडी, टी-शर्ट अंगाला चिकटून जळतो, सुती कपडा बरा. तोंडावर ओला गमछा. गोठ्याला धग लागली तर दावी सोडत बसू नका, कापा. गंजीतला कडबा वाचवायला आत शिरू नका, कडबा पुढच्या वर्षी येतो. 2021 च्या एप्रिलमध्ये गोंदियाच्या नागझिऱ्यात वणवा विझवायला गेलेले तीन हंगामी मजूर मेले. 2024 च्या जूनमध्ये उत्तराखंडात बिनसरला वन विभागाची माणसं गेली. ज्यांचं हे रोजचं काम, त्यांना वारं फिरल्यावर पळायला सापडलं नाही. या हंगामी मजुरांच्या हातात डहाळी असते, ब्लोअर असतो, पण वारं फिरतंय हे सांगणारं कुणी नसतं. त्यांचं लाइव्ह लोकेशन कार्यालयातल्या एका माणसानं बघत बसायचं, इतकंच काम जरी नेमून दिलं तरी एखादं घर वाचेल. विमा आहे का त्यांचा, बूट तरी दिलेत का, हा वेगळा विषय, त्यावर पुन्हा लिहीन.

किनवटहून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या पुढं आहे. तिथल्या डोंगरात काय पेटलंय ते नांदेडच्या एसी केबिनमध्ये वासानं कळणार नाही. आणि मुंबईला तर नाहीच नाही.

किनवट, माहूर, हदगाव, हिमायतनगर, भोकर या पट्ट्यातल्या मित्रांना एक काम सांगतो. आपल्या गावाचं किंवा तांड्याचं नाव लिहा, तालुका लिहा, आणि रेंज नेमकी कुठं येते ते लिहा. पाण्याच्या टाकीवर, शाळेमागं, कुठल्या टेकाडावर, जे असेल ते. कुठल्या कंपनीची येते तेही टाका. लातूर, औसा, निलंगा, रेणापूरच्या लोकांनी गावात कुणाकडं ब्लोअर आहे, टँकर आहे ते कळवा, पण मालकाचा मोबाइल नंबर इथं उघड्यावर नको, मला वेगळा पाठवा. दोन्ही याद्या लिहून काढतो आणि होळीच्या आत दोन्ही जिल्ह्यांच्या आपत्ती कक्षात आणि नांदेडच्या उपवनसंरक्षकांकडं पोच घेऊन देतो. पोचेचा फोटो इथंच टाकीन.